फळाला न आलेला नवस फेडायचा असतो का?

माळरान (उस्मानाबाद, आताचे धाराशिव)

एप्रिल 2021 च्या शेवटच्या आठवड्यात माझे वडील कोरोनाने गेले. त्याआधी ते चौदा दिवस ऑक्सिजनवर होते. आत कोणाला सोडत नसत, म्हणून आई रुग्णालयाच्या आवारातील लिंबाखाली दिवस दिवस बसून असे, आणि तिथेच तिने तुळजाभवानीला नवस बोलला, की हे घरी आले तर उस्मानाबादेहून अनवाणी चालत येऊन तुझी ओटी भरीन. मंदिर तेव्हा बंद होते, त्यामुळे तिने तुळजापूरच्या दिशेला तोंड करून पदर पसरला. मी अभियांत्रिकी शिकलेला आणि एरवी दर्शनाच्या रांगेत चुळबुळ करणारा माणूस. पण त्या दिवसांत मीही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जप करीत होतो. वडील आले नाहीत. अंत्यविधी पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केला आणि आम्ही दोघे भाऊ पीपीई किट घालून लांब उभे राहिलो.

7 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली मंदिरे उघडली आणि आईने विषय काढला. तिला नवस फेडायचा आहे. मी म्हणालो, "आई, तो फळाला आलाच नाही, मग फेडायचे काय?" त्यावर ती एवढेच म्हणाली, "बोललेय मी." तिला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रस्ता वीस-बावीस किलोमीटरचा आहे.

माझी अडचण केवळ तिच्या पायांची नाही. देवी वर्षातून तीनदा निद्रा घेते, त्या दिवसांत मूर्ती पलंगावर असते, हे आमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक आहे. वडील गेले तेव्हा चैत्र चालू होता. म्हणजे तो निद्रेचा काळ नव्हता, देवी जागी होती. हे लिहिताना हात अडखळतो, पण सहा महिने मनात हेच आहे. अशा मनाने मी आईच्या शेजारी चाललो तर ते ढोंग ठरेल का? आणि असा नवस फेडण्याची कुठे रीत आहे का?

गोदाकाठचा माळकरी (पैठण तालुका)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. फळ मिळाले नाही तर नवस फेडण्याचे बंधन नाही, अशीच समजूत मी सर्वत्र पाहिली आहे. तरीही फेडणाऱ्या दोन बाया माझ्या पाहण्यात आहेत, आणि दोघींनीही कारण विचारणाऱ्याला उत्तर दिले नाही.

आम्हा वारकऱ्यांत नवसाला फारसा मान नाही. नवसाने मुले होत असती तर नवऱ्याची गरज काय, असा रोकडा सवाल तुकोबांनी करून ठेवला आहे. पण हे सांगून आपले समाधान होणार नाही, कारण आपला राग नवसावर नसून देवावर आहे, आणि देवावर रागावण्याची सोय आमच्या परंपरेने पुरेपूर करून ठेवलेली आहे. नरसीचे नामदेव विठ्ठलाशी भांडले. गंगाखेडच्या जनाबाईने त्याला ज्या शिव्या घातल्या त्या आज कोणी देवळात उच्चारल्या तर पुजारी बाहेर काढतील. तुकोबांची पहिली पत्नी 1630 च्या दुष्काळात अन्न अन्न करीत गेली, आणि ती गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. स्वतःच्या अभंगात लिहिली. आपण लिहिलेले जागेपणाचे वाक्य मला त्याच जातीचे वाटते, त्यामुळे त्याची लाज बाळगू नये.

माझी स्वतःची गोष्ट आपल्याएवढी जड नाही, तरी सांगतो. 2020 साली पैठणची नाथषष्ठी, म्हणजे संत एकनाथांची यात्रा, रद्द झाली. पुढे आषाढीला, 1 जुलैला, पंढरीत भाविकांना प्रवेश नव्हता, आणि एरवी दोन आठवड्यांहून अधिक काळ पायी चालणारी नाथांची पालखी मोजक्या लोकांसह एसटीने नेण्यात आली. सलग एकवीस वर्षांची माझी वारी त्या वर्षी चुकली. अंगणात उभा राहून हरिपाठ म्हणताना मनात आले, की जिल्हाधिकाऱ्याच्या एका आदेशाने ज्याचे दार बंद होते, त्याच्या भरवशावर आपण काय आयुष्य काढले! ती शंका गेली असे मी म्हणणार नाही. ती असतानाही हरिपाठ चालू राहिला, कारण संध्याकाळ झाली की तोंडात तेच शब्द येत होते. याला श्रद्धा म्हणायचे की सवय, याचा निवाडा मी करीत बसलो नाही. आपले चालणेही ढोंग ठरणार नाही. मनात नसताना देवीचा जयजयकार केलात तर ते ढोंग होईल, मुकाट्याने चालावे.

रात्रपाळी (लातूर)

मी परिचारिका आहे आणि दोन्ही लाटांत कोविड कक्षात काम केले. आधी पायांचे बोलते, कारण ते तातडीचे आहे. इतक्या वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. डांबरी रस्त्याने फोड आला, काटा रुतला किंवा चटका बसला तरी आईंना कळणार नाही आणि ती जखम महिनोन्महिने भरणार नाही. कधी बोट काढावे लागते. त्यांना सबंध रस्ता अनवाणी चालू देऊ नका. मऊ तळाचे बूट आणि सुती मोजे घाला, तासातासाला मोजे काढून तळवे डोळ्यांनी तपासा, पहाटे निघा आणि रक्तातली साखर एकदम उतरली तर द्यायला खिशात साखर ठेवा. त्या इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असतील तर चालण्याच्या दिवशीच्या मात्रेविषयी डॉक्टरांना आधी विचारा.

आता दुसरे. आमच्या कक्षात ज्यांच्यासाठी सबंध गाव सप्ताहाला बसले होते तेही गेले, आणि ज्यांची विचारपूस करायला कोणी नव्हते तेही बरे होऊन चालत घरी गेले. कोण वाचणार हे फुप्फुस किती व्यापले आहे, वय काय, साखर किती, रुग्ण कितव्या दिवशी आला आणि त्या रात्री ऑक्सिजन पुरला का, यांवर पुष्कळसे ठरत होते. नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या एका हाय-फ्लो यंत्राला मिनिटाला 60 लिटरपर्यंत ऑक्सिजन लागतो. त्या एप्रिलमध्ये टँकर वेळेवर आला की नाही, हीच आमची रोजची चिंता होती. आपल्या जपात काही कमी पडले, असे मनातही आणू नका.

पालथे झोपा म्हटले की रुग्ण दहा मिनिटांत कंटाळून वळत. एका माळकरी आजोबांना घड्याळ दिसत नव्हते. त्यांनी मला विचारले, "किती माळा पडून राहू?" मी अंदाजाने आकडा सांगितला. ते तेवढ्या माळा ओढेपर्यंत तसूभर हलले नाहीत, आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा 86 वरून 91 वर आलेला मी पाहिला. सुधारणा पालथे झोपल्याने झाली, हे मी जाणते. पण त्यांना पालथे ठेवले ते माळेने.

परभणीचा मास्तर

मी नास्तिक आहे आणि इथले काही प्रतिसाद मला फार मवाळ वाटतात. पूर्वी पटकीची साथ आली की साथीची देवी मरीआई हिचा गाडा काढून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. शिवेबाहेर म्हणजे पुढच्या गावाकडे, याचा विचार कोणी करीत नसे. 2020 मध्ये गावोगाव रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या, तेव्हा मला तोच गाडा आठवला. संकटात प्रार्थना बहुधा "आमचे वाचव" एवढीच असते. आपण सोबत जावे, पण ते आईसाठी. देवी जागी होती की झोपली होती, हा प्रश्न सोडून द्यावा, कारण त्याला उत्तर देणारे पलीकडे कोणी नाही. ऑक्सिजन का पुरला नाही, हा प्रश्न मात्र सोडू नये. त्याला उत्तर देणारी माणसे आहेत.

खुलताबादी

मास्तरांशी शेवटच्या वाक्यापुरता सहमत आहे. आमच्याकडे मन्नतीचा नियम स्पष्ट आहे: अट घालून मानलेली मन्नत अट पूर्ण झाली तरच बांधील होते. त्या हिशेबाने आपल्या आई मोकळ्या आहेत. पण माझ्या अम्मीचे सांगतो. तिचा 2020 च्या हजला नंबर लागला होता. त्या वर्षी बाहेरच्या देशांतून कोणालाच जाता आले नाही, 2021 मध्येही नाही, आणि रमजानची तरावीह, म्हणजे रात्रीची जादा नमाजसुद्धा आम्ही घरच्या ओसरीवर पढलो. बांधून ठेवलेली बॅग तिने अजून सोडलेली नाही. मी सोडतो म्हटले तर म्हणते, "नियत केली आहे, ती बॅगेत आहे." आपल्या आईंचे "बोललेय मी" वाचल्यावर मला ती बॅग दिसली.

माळरान

सर्वांचे आभार. मास्तर, तो प्रश्न मी सोडलेला नाही; माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे.

रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. माळांच्या आजोबांवर ती हसली, मग बराच वेळ गप्प बसली आणि नंतर म्हणाली, की बाबा शेवटच्या फोनवर तिला म्हणाले होते, "आता घरी गेलीस तरी चालेल." ती गेली नव्हती. हे मला सहा महिन्यांत पहिल्यांदाच कळले. मी पुन्हा विचारले, की देवीने ऐकले नाही तरी जायचे? ती म्हणाली, "मी तिथे बसले होते तेव्हा तीच होती सोबत. दुसरे कोण होते?"

तडजोड अशी झाली आहे, की तुळजापूरच्या वेशीपर्यंत बूट आणि तिथून पुढे अनवाणी. येत्या मंगळवारी पहाटे चारला निघतो आहोत. बुटांचे माप घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने लग्नाचे का, असे विचारले; आई हो म्हणाली.