मदत हवी आहे: काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज, आणि नवरात्र तोंडावर (वडोदरा)

रावपुरा_सून:
सासूबाई, वय ५८. दीड वर्षापूर्वी उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या, मग रेडिएशन. दोन महिने हात जड. मनगटापासून १० सेमी वर मोजलं तर डाव्यापेक्षा २.५ सेमी जास्त, दाबलं की खळगा राहतो. डॉपलर झालं, गुठळी नाही. आजारही परतलेला नाही, लिम्फेडिमाच आहे, म्हणजे लसिका (पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी परत नेणारा द्रव) साचून आलेली सूज. रात्री क्रेप बँडेज बांधतो, तर सकाळी बोटंच फुगलेली. शेजारी लघवीची गोळी सुचवतात. तयार स्लीव्ह (हाताला दाब देणारी बाही) घेऊन टाकू का? आणि गरबा?

शॉर्टस्ट्रेच:
क्रेप सोडा. ते खूप ताणतं. हात स्थिर असतानाही आवळत राहतं आणि हलवला की सैल पडतं. हवं नेमकं उलटं. लसिकेला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांचं स्वतःचं आकुंचन, झडपा आणि भोवतीचे स्नायू यांवर ती पुढे सरकते. कमी ताणाची (शॉर्ट-स्ट्रेच) पट्टी भिंतीसारखी उभी राहते, स्नायू तिच्यावर दाबला की पाणी वर ढकललं जातं.
क्रम: आधी बोटांना ४ सेमीची गॉझपट्टी (तुमच्याकडे हीच राहिली, म्हणून बोटं फुगली), सुती नळी, कापूस किंवा फोम, मग तळव्याला ६ सेमीची आणि वर ८ आणि १० सेमीची. दाब खाली जास्त, वर कमी; तो थरांच्या संख्येने आणायचा, ओढून नव्हे. दिवसरात्र, साधारण दोन ते चार आठवडे. बोट निळं पडलं किंवा मुंग्या आल्या की लगेच सोडा. पहिल्यांदा लिम्फेडिमा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच बांधून घ्या.
स्लीव्ह आत्ता नको. ती उतरलेली सूज टिकवायला असते. उतरल्यावर माप देऊन घ्या, दोन जोड. वरची कड गुंडाळली गेली तर तीच फास होते.

मांडवीकर:
गोळीबद्दल: या सुजेत पाण्याबरोबर प्रथिनं अडकलेली असतात. गोळी पाणी काढते, प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. रक्तदाबासाठी दिली असेल तर गोष्ट वेगळी, ती बंद करू नका.
माप रोज एकाच वेळी, दोन्ही हातांचं. उजवखोरांचा उजवा हात मुळातच जरा जाड असतो, एका मापावर जाऊ नका.
गरबा चालेल, पण दाब ठेवूनच. पहिल्या रात्री १५ मिनिटं, हात जड वाटला की थांबा. चोळीची घट्ट बाही आणि बांगड्या त्या हाताला नकोत.
खरी भीती जंतुसंसर्गाची. चिरेतून शिरलेले जंतू एरवी लसिकेबरोबर काखेच्या गाठीत जातात आणि पांढऱ्या पेशी तिथे जाग्या होतात. गाठीच नसल्या की तो निरोप उशिरा पोचतो. म्हणून लाली, ऊब, ताप दिसला की पट्टी काढून त्याच दिवशी डॉक्टर; प्रतिजैविकं लागतात. 'सकाळी बघू' नाही.

रावपुरा_सून:
दिवसरात्र पट्टी, मग पोळ्या?

शॉर्टस्ट्रेच:
लाटू द्या की! पट्टीखाली स्नायू हलले तर उलट फायदाच. कणीक मात्र दुसऱ्याने भिजवावी, पट्टी ओली झाली की त्वचा सोलते. आणि तवा डाव्या हाताने.