‘करण्यात यावे’चं इंग्रजी: ‘दॅट’च्या पुढे ‘वुड बी’, ‘शुड बी’, ‘मस्ट बी’ की नुसतं ‘बी’?

हरिपूररोड_सांगली

आमच्या हळद उत्पादक गटाच्या सभेचे ठराव इंग्रजीत करायचे आहेत. एक प्रत बँकेला आणि एक परराज्यातल्या खरेदीदाराला जाणार आहे. मूळ वाक्य असं: ‘पावसाळ्यापूर्वी सर्व पेवांची तपासणी करण्यात यावी, अशी समितीने शिफारस केली.’ (पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार.)

मी केलेलं भाषांतर: ‘द कमिटी रेकमेंडेड दॅट ऑल द पिट्स वुड बी इन्स्पेक्टेड बिफोर द मॉन्सून.’ ‘रेकमेंडेड’ भूतकाळी आहे म्हणून ‘वुड’ घातलं. गटातले एक जण म्हणतात ‘शुड बी’ करा, दुसरे म्हणतात ठराव आहे तर ‘मस्ट बी’च हवं. संगणकातली व्याकरण तपासणी मात्र नुसतं ‘बी इन्स्पेक्टेड’ सुचवते, आणि ते मला अर्धवट वाटतं. बरोबर काय? नकारार्थी वाक्य कसं करायचं तेही सांगा. ‘ओली हळद पेवात भरली जाऊ नये’ हाही एक ठराव आहे.

कृष्णाकाठचा_मास्तर

‘वुड’ आधी काढा. ‘शुड बी इन्स्पेक्टेड’ आणि ‘बी इन्स्पेक्टेड’ ही दोन्ही बरोबर आहेत. ‘मस्ट’ इथे नको.

तुमचं मराठी वाक्य पुन्हा बघा. ‘शिफारस केली’ हा भूतकाळ, पण ‘करण्यात यावी’ला काळच नाही. उद्या ‘शिफारस करील’ लिहिलंत तरी ‘यावी’ तसंच राहील. विध्यर्थ आहे तो. इंग्रजीतला नुसता ‘बी’ हा त्याचाच भाऊ. शिफारस, मागणी, सूचना, आग्रह, आदेश, विनंती या अर्थाच्या क्रियापदानंतर ‘दॅट’ आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. मागचं क्रियापद कुठल्याही काळात असो, ‘बी’ हलत नाही आणि ‘शुड बी’ही हलत नाही.

‘वुड’ला स्वतःचा वेगळा अर्थ आहे. ‘द कमिटी सेड दॅट द पिट्स वुड बी इन्स्पेक्टेड’ म्हणजे तपासणी होईल असं समितीने सांगितलं. हे झालं आश्वासन. शिफारशीच्या पोटात आश्वासन बसत नाही, म्हणून ‘रेकमेंडेड’नंतर ते चुकतं. ‘मस्ट’चंही तसंच. शिफारस म्हटल्यावर ऐकायचं की नाही हे समोरच्याच्या हातात असतं, आणि ‘मस्ट’ तो पर्याय काढून घेतं. सक्तीच सांगायची असेल तर मागचं क्रियापद बदला: ‘द रूल्स से दॅट ऑल पिट्स मस्ट बी इन्स्पेक्टेड.’

आता ‘शुड’ घ्यायचं की नुसतं ‘बी’? अमेरिकी लिखाणात नुसतं ‘बी’ जास्त, ब्रिटिश वळणात ‘शुड बी’ही सर्रास. आपल्याकडच्या कागदपत्रांत दोन्ही चालतं. पण कर्ता लांबलचक असेल तिथे मी ‘शुड’च घ्यायला सांगेन. ‘दॅट द टर्मरिक स्टोअर्ड इन द ओल्ड पिट्स बी टेस्टेड’ वाचताना माणूस ‘स्टोअर्ड’लाच मुख्य क्रियापद समजतो आणि ‘बी’पाशी अडखळतो. ‘शुड बी टेस्टेड’ लिहिलं की क्रियापद कुठे आहे ते लगेच दिसतं.

नकारात ‘नॉट’ची जागा बदलते. ‘शुड’ असेल तर त्याच्या मागून: ‘दॅट वेट टर्मरिक शुड नॉट बी स्टोअर्ड इन द पिट्स.’ नुसतं ‘बी’ असेल तर ‘नॉट’ त्याच्या आधी येतं: ‘दॅट वेट टर्मरिक नॉट बी स्टोअर्ड.’ ‘बी नॉट स्टोअर्ड’ किंवा ‘डू नॉट बी स्टोअर्ड’ लिहू नका.

एक सुचवतो. बाहेरच्या खरेदीदाराला नुसत्या ‘पिट्स’वरून खड्डे वाटतील. पहिल्या वेळी ‘पेव’ हा आपला शब्द लिहून पुढे ‘अंडरग्राउंड स्टोरेज पिट्स’ असा खुलासा करा.

अजिंक्यतारा_पायथा

मास्तरांच्या उत्तराला जोड देतो. ‘सजेस्ट’ आणि ‘इन्सिस्ट’ ही दोन क्रियापदं दुतोंडी आहेत. ‘द रेकॉर्ड्स सजेस्ट दॅट मेनी पिट्स वेअर फ्लडेड इन २००५’ म्हणजे नोंदींवरून तसं दिसतं. इथे घडलेली गोष्ट आहे, म्हणून साधा काळ. ‘वी सजेस्ट दॅट द पिट्स बी सील्ड’ म्हणजे बंद करावीत अशी सूचना. ‘इन्सिस्ट’मध्ये तर फरक पैशांवर जातो: ‘ही इन्सिस्टेड दॅट द फार्मर्स वेअर पेड’ म्हणजे पैसे दिले गेले होते असं तो ठासून सांगत होता, आणि ‘दॅट द फार्मर्स बी पेड’ म्हणजे पैसे द्या असा त्याचा आग्रह होता. चुकीचं रूप पडलं तर मागणीची थेट पावती होते! कर्तरी वाक्यात अनेकवचनी कर्ता असला की हा फरक पुष्कळदा लपतो, कारण ‘दे इन्स्पेक्ट’ दोन्हीकडे सारखंच दिसतं. कर्मणीत ‘बी’ उघडा पडतो, म्हणून तिथे जास्त जपायचं.

‘इट इज एसेन्शियल’, ‘नेसेसरी’, ‘इम्पॉर्टंट’ यांच्यानंतरही हाच नियम. कासच्या पठारावर पाटी लावायची तर ‘इट इज एसेन्शियल दॅट द फ्लॉवर्स नॉट बी ट्रॅम्पल्ड’.

‘सेड’, ‘रिपोर्टेड’, ‘एक्स्प्लेन्ड’ यांच्यानंतर मात्र काळाचा नियम लागतो. ‘कॅन बी’चं ‘कुड बी’, ‘विल बी’चं ‘वुड बी’, ‘मे बी’चं ‘माइट बी’ होतं. ‘शुड बी’ जसंच्या तसं. ‘मस्ट बी’ तसंच ठेवता येतं किंवा ‘हॅड टू बी’ करता येतं. तुमचा घोटाळा इथला नियम तिकडे लावल्यामुळे झाला आहे.

‘शुड हॅव बीन’पासून जपा. ‘द कमिटी फेल्ट दॅट द टर्मरिक शुड हॅव बीन ड्राइड’ म्हणजे वाळवायला हवी होती, वाळवली नाही. म्हणजे कुणावर तरी ठपका आला. ठरावात तो नको असेल तर ‘हॅव बीन’ येऊ देऊ नका.

नोंदवही_मिरज

‘वी वॉन्ट दॅट’ कुठे लिहिलं असेल तर आधी ते काढा. ‘आम्हाला असं पाहिजे की’ या मराठीतून ते येतं. इंग्रजीत ‘वी वॉन्ट द पिट्स टू बी इन्स्पेक्टेड’ असं होतं. ‘वी रिक्वेस्ट यू दॅट’ही नाही. ‘वी रिक्वेस्ट दॅट द लोन बी सँक्शन्ड’ किंवा ‘वी रिक्वेस्ट यू टू सँक्शन द लोन’.

बँकेच्या प्रतीत अधिकार देण्याचा ठराव असतो, त्याचा साचा ठरलेला आहे: ‘रिझॉल्व्हड दॅट द सेक्रेटरी बी अँड इज हिअरबाय ऑथराइज्ड टू साइन द लोन पेपर्स.’ त्यातला ‘बी’ म्हणजे ‘अधिकार देण्यात यावा’, आणि ‘इज हिअरबाय’ म्हणजे ‘या ठरावाने देण्यात येत आहे’. चूक समजून त्यातलं एक खोडू नका.

हरिपूररोड_सांगली

सर्वांचे आभार. ‘बी’ म्हणजे आपलं ‘यावे’च, हे डोक्यात बसलं. आता हे बघा: ‘इट वॉज रिझॉल्व्हड दॅट द टर्मरिक स्टोअर्ड इन द पिट्स नीअर द रिव्हर बी टेस्टेड फॉर मॉइश्चर बाय द ग्रुप बाय १५ जून अँड दॅट द बँक मस्ट बी इन्फॉर्म्ड.’

कृष्णाकाठचा_मास्तर

तीन दुरुस्त्या. कर्ता लांब आहे, ‘रिव्हर’च्या पुढे ‘शुड’ घाला. दोन ‘दॅट’ एकाच ठरावातले आहेत, दोन्हीकडे एकच रूप हवं. पहिल्यात ‘शुड बी’ आलं की दुसऱ्यातलं ‘मस्ट’ जाऊन तिथेही ‘शुड बी’. आणि ‘बाय द ग्रुप बाय १५ जून’ कानाला खटकतं. ठराव गटाचाच आहे, तेव्हा ‘बाय द ग्रुप’ काढलं तरी बिघडत नाही. तपासणी बाहेरची प्रयोगशाळा करणार असेल तर मात्र तिचं नाव ठेवा आणि तारीख वाक्याच्या सुरुवातीला न्या.

तारीखही मूळ ठरावाशी ताडून बघा. ‘१५ जूनपर्यंत’ असेल तर ‘बाय १५ जून’, त्यात पंधरा तारीख धरली जाते. ‘१५ जूनपूर्वी’ असेल तर ‘बिफोर १५ जून’, म्हणजे चौदालाच काम संपलेलं हवं.