‘नकाशे रंगवून वाघ वाचत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाट
परवा इथे एका सदस्याने लिहिलं की लँडस्केप इकॉलॉजी (जंगल, शेत, वस्ती एकत्र धरून अभ्यासायचं शास्त्र) म्हणजे एसीत बसून नकाशे रंगवायचा उद्योग. त्यापेक्षा जंगलाला कुंपण घाला आणि गार्ड वाढवा. दोन दिवस गप्प बसले. हाच विषय मी नागपुरात शिकतेय आणि घरीदारी हेच ऐकून घेतेय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

कुंपण घालून आत किती वाघ मावणार? आपल्या वर्ध्याच्या बोर व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे जन्मलेला नर वयात आला की त्याला बाहेर पडावंच लागतं. जय नावाचा वाघ नागझिऱ्यातून निघाला, महामार्ग आणि वैनगंगा ओलांडून २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला. बोरचा बाजीराव डिसेंबर २०१७ मध्ये अमरावती रोडवर बाजारगावजवळ गाडीखाली गेला. एकाला वाट मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३९ मध्ये या शास्त्राला नाव दिलं ते विमानातून काढलेले फोटो अभ्यासताना. जंगलाचे तुकडे, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या आणि भोवतीची शेतं वरून एकदमच दिसतात, म्हणून ती एकदमच अभ्यासायची.

उपयोग विचारता ना? पेंचच्या जंगलाजवळ मनसर-खवासा पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले, ५० ते ७५० मीटर रुंदीचे. २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तर १८ जातींचे वन्यप्राणी दिसले. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा ये-जा करून गेले. हे मार्ग कुठे आणि किती रुंद हवेत, ते गार्ड वाढवून कळलं असतं का?

उमरेडवाला
ताई, जयचं अर्धंच सांगून राहिल्या तुम्ही. एप्रिल २०१६ मध्ये तो गायब झाला, मंग कोणाले दिसला नाही. त्याचा पोरगा श्रीनिवास पुढच्याच वर्षी तारेतल्या करंटनं मेला. वाट भेटून काय भेटलं मंग?

तुमच्या नकाशात माझं शेत हिरव्या पट्ट्यात येते. मले कोणी विचारलं? रोही आन् डुकरं हरभरा खाऊन जाते, माझा बाप या वयात जागलीवर बसते. मागच्या साली वासरू नेलं. पंचनाम्याच्या कागदासाठी एका कार्यालयात चार चकरा मारल्या, पैसा अजून नाही. तुमचा कॉरिडॉर, म्हणजे वाघाची ये-जा करायची पट्टी, आमच्या कोठ्यामागून जाते, एवढं ध्यानात ठेवा.

बीटवाला
३१ वर्षं जंगलात नोकरी केली. वाघ कोणत्या नाल्याने चालतो ते आमचे मजूर वाळूतल्या ठशांवरून सांगायचे, त्यांना कोणी पदवी दिली नाही. आता तेच संगणकातून निघालं की शोध होतो, याचं वाईट वाटतं. आणि टिपेश्वरचा वॉकर नावाचा वाघ विसरलात. गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तीन हजार किलोमीटर चालला, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि तिथे एकही वाघीण नाही! जोडणी झाली, पुढे काय?

रानवाट
काका, वाघिणीचं तुमचं बरोबर आहे. पट्टी जोडली आणि पलीकडे वाघांची वस्ती जमलीच नाही, तर ती जोडणी अर्धी. हे आमच्या अभ्यासातही आहे. पण वॉकर शेतांतून चालला हे कळलं ते कॉलरमुळेच. वाळूतला ठसा नाल्यापुरता असतो, तीन जिल्ह्यांपलीकडचं सांगत नाही.

माळटिटवी
तुम्ही सगळे वाघावरच अडकलात. मला विचाराल तर विदर्भातली खरी जोडणी झुडपी जंगलात आहे आणि त्याचं नावही कोणी काढत नाही. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर. मुरमाड जमीन, बोरी, पळसाची खुरटी झाडं, गवत. महसूलवाल्यांना ती पडीक वाटते, लांडग्याला आणि खोकडाला ते घर आहे. वरोऱ्याकडे माळढोक असल्याच माळांवर दिसायचा. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हे वनच आहे असं सांगितलं, तेव्हा मी खरोखर रडले. तीन हेक्टरपेक्षा लहान, कोणत्याही जंगलाला न लागलेले तुकडेसुद्धा संरक्षित वन करायला सांगितलेत. मोठ्या जंगलांच्या मधे पाय टेकायला हेच तुकडे लागतात. आणि कृपा करून त्यावर खड्डे खणून रोपं लावू नका! माळाला झाडांची कमी नसते, माळ मोकळाच असावा लागतो.

लेआउटवाला
रडलात? आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. वडिलांनी सगळी पुंजी घालून प्लॉट घेतला, सातबाऱ्यावर कुठेतरी ‘झुडपी’ लिहिलेलं निघालं. नागपूरचं उच्च न्यायालय ज्या जागेवर आहे तीही नोंदीत झुडपीच. मग आम्हीच काय ते अतिक्रमणवाले? कागदावरच्या एका शब्दावरून तुम्ही जमिनीचं शास्त्र कसं काय करता?

माळटिटवी
निकाल वाचा आधी. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जमिनी नियमित करायला वाट ठेवली आहे. त्यानंतर कोणी प्लॉट पाडून विकले असतील तर विकणाऱ्याची गचांडी धरा, लांडग्याची नाही.

लेआउटवाला
लांडग्याला घर आणि आम्हाला ‘विकणाऱ्याला धरा’. ही तुमची माणुसकी. ज्याला धरायचं तो केव्हाच गायब झाला, हे तुम्हाला माहीत नाही का?

बीटवाला
आवाज खाली घ्या दोघांनी. शहरातल्या झुडपीवर आता डांबर आहे, तिथे लांडगा यायचा नाही. ते सोडून द्या आणि गावाकडची वाचवा, एवढं तरी मान्य करा.

माळटिटवी
शहरातली सोडते. मनापासून नाही, पण सोडते. गावाकडच्या एका एकरावरही हटणार नाही.

उमरेडवाला
गावाकडची काऊन तुमची? तिथं आमची गुरं चरते. निस्तारात, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कात, लाकूडफाटा तिथूनच येते. संरक्षित वन झालं आन् गाय आत गेली का दंड! आमचे गुरं राखणारे गोवारी कुठं जातील? तुमच्या अभ्यासात गाय येते का नाही, एवढं सांगा.

रानवाट
यायला हवी. खरं सांगते, माझ्या नकाशात नाही. जनावराला कोणती जमीन पार करायला किती अवघड, याला आम्ही आकडे देतो. जंगलाला कमी, शेताला जास्त, वस्तीला सगळ्यात जास्त. शेत म्हणजे बारा महिने एकच रंग. पण दिवाळीत कपाशी-तूर उभी असते तेव्हा तिथून वाघ दबकत जाऊ शकतो, पीक निघालं की तीच जमीन उघडी पडते. हे आकडे मी वर्गात बसून भरलेत. चराईचा तर रकानाच नाही. तुमचं हे म्हणणं मला मान्य आहे. कुंपणाचं अजिबात नाही.

उमरेडवाला
कुंपण मी म्हटलंच नव्हतं, तो दुसरा होता. रकाना भरायचा असंन तर फेब्रुवारीत या. तूर निघाली का शेत बोडकं होते, तवा जनावर कोणत्या नाल्यानं सरकते ते बाप दाखवंन. बाकी वासराचे पैसे भेटल्याशिवाय मी तुमच्या कोणत्याच कागदावर सही करत नाही.

बीटवाला
फेब्रुवारीत मीही येतो. नाला कोणता, ते मी आत्ताच सांगू शकतो.