म्हातारी-भोपळ्याची कटआउट फिल्म: भोपळा टुणुक का जात नाही?

कासारवडवलीकर
सोसायटीच्या गणपतीत दाखवायला मुलं २ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतायत. गोष्ट म्हातारी आणि भोपळ्याची, पण ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरपायथ्याशी घडणारी, म्हणून वाघाऐवजी बिबट्या. लेकीकडून परतताना भोपळा घोडबंदर रोडवर गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. कार्डशीटचे तुकडे, वरून मोबाइल, सेकंदाला १२ फोटो. चित्र लुकलुकतं, बिबट्याचे ठिपके वळवळतात आणि भोपळा उडी मारण्याऐवजी सरकल्यासारखा दिसतो. आवाज शेवटी रेकॉर्ड करणार आहोत. आधी काय दुरुस्त करू?

कागदकातर
आवाज शेवटी नको, सगळ्यात आधी करा. तो ऐकत कुठल्या फोटोला कुठलं अक्षर येतं ते वहीत उभं लिहून काढा. "टु" भोपळा टेकतो त्या फोटोवर, "णुक" सुटतो त्या फोटोवर.

एकच तुकडा सगळीकडे वापरताय, म्हणून सरकतो. तीन कापा: गोल ८ × ८ सेंमी, चपटा ६ उंच, १०.५ रुंद, लांबट १० उंच, ६.५ रुंद. क्षेत्रफळ साधारण सारखं राहायला हवं, नाहीतर भोपळा मध्येच फुगतो. एका उडीचे १२ फोटो: दबून चपटा ३, लांबट १, वर जाताना गोल २, माथ्यावर २, उतरताना २, टेकून चपटा २. अंतरं सारखी ठेवू नका, खरी चूक तिथेच होते. माथ्यावर जेमतेम २-३ मिमी हलवायचा, जमिनीजवळ एका फोटोत ४-५ सेंमी. देठ वेगळं कापा आणि भोपळ्याच्या एक फोटो मागे ठेवा. भोपळा खाली निघाला तरी देठ अजून वरच, एवढ्यानेच त्यात जीव येतो.

ऐरोली सेक्टर
लुकलुकण्याचं बघा. खिडकीला पडदा पुरत नाही, पावसाळ्यात ढग सरकला तरी फरक पडतो. काळा कागद चिकटवा. फोनवर एक्स्पोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगछटा) तिन्ही लॉक करा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे एका फोटोला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवा. १/१२५, १/२०० वर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येऊ शकतो. वस्तू स्थिर असल्याने १/१० सुद्धा चालेल. स्क्रीनला बोट लावू नका, वायरच्या इअरफोनचं व्हॉल्यूम बटण वापरा. दोन्ही बाजूंनी एकेक दिवा, ४५ अंशांत. मुलांनी गडद कपडे घालावेत; लाल टी-शर्टची लाली पांढऱ्या कागदावर उतरते.

ठिपके दर तुकड्यावर हाताने काढलेत ना? जागा बदलली की वळवळतात. एकदाच काढा, झेरॉक्स मारा आणि प्रत्येक पोझ त्याच प्रतींमधून कापा.

आणि आपल्याकडची हवा विसरू नका. पातळ कार्ड दमटपणाने कडेला वळतं आणि खालची सावली फोटोगणिक हलते. ३०० जीएसएमचं (ग्रॅम प्रति चौरस मीटर) जाड कार्ड घ्या, मागच्या बाजूलाही रंगाचा एक हात द्या, रात्री जाड पुस्तकांखाली ठेवा. लॅमिनेशन करू नका, चमक मारतं.

कासारवडवलीकर
झेरॉक्स आजच करतो. ट्रॅफिकच्या प्रसंगात मुलांना हॉर्न, रिक्षावाल्यांचं भांडण, खड्डा, सगळंच हवंय. ठेवू का?

कागदकातर
एकच विनोद ठेवा, आणि तो थांबण्याचा. तीन उड्या अगदी एका लयीत जाऊ द्या, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात चौथी आपोआप वाजते. चौथीला "टु" होतो आणि समोर ट्रक. "णुक" येतच नाही. भोपळा चपटाच, २४ फोटो. दहाव्याला देठ डावीकडे कलतं. सोळाव्याला भोपळ्याच्या फटीत म्हातारीचे दोन डोळे. शेजारच्या रिक्षात बिबट्या बसलेला, तो फक्त पापणी मिटतो: अर्धी १, बंद २, अर्धी १. या दोन सेकंदांत हॉर्न अजिबात नको, शांतताच हवी. पंचविसाव्याला "णुक".

हा थांबा एकच फोटो २४ वेळा कॉपी करून भरू नका, चित्र मेल्यासारखं दिसतं. २४ फोटो खरोखर काढा. आणि भोपळा दोन बोटांनी कडेने धरा.