म्हापशाचा बाजार वाढला. संध्याकाळची शेवटची बस मात्र होती तिथेच

हळदोण्याचा प्रवासी (धागाकर्ता):

शुक्रवारी सकाळी सातच्या आत म्हापशाच्या बाजारात पोहोचले, तर मयड्याची केळी टेम्पोतून घडासकट उतरताना दिसतात आणि हरमलच्या मिरचीच्या ढिगांना अजून कुणाचा हात लागलेला नसतो. मात्र सातच्या आत पोहोचण्यासाठी स्वतःचे वाहन लागते आणि संध्याकाळी सातनंतर घरी परतण्यासाठीही तेच लागते. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्यासाठी हा बाजार सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढाच आहे.

2011 च्या जनगणनेत या शहराची लोकवस्ती सुमारे 40 हजार होती, पण त्याचा व्याप त्या आकड्यावरून मोजणे चुकीचे ठरेल. न्यायालयाचे काम, जिल्हा इस्पितळ आणि चवथीच्या माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या मांडणीचे) सामान यांसाठी बार्देशाबरोबरच पेडणे आणि डिचोलीकडची माणसेही येथे येतात. दोडामार्ग आणि सावंतवाडीहून येणारेही कमी नाहीत. कोकण रेल्वेचे थिवी स्थानक येथून आठ-दहा किलोमीटरवर आहे आणि 2023 च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळही सुरू झाला आहे. असे असताना आपली सगळी चर्चा रस्ता रुंद करणे आणि पार्किंगची जागा शोधणे यांपुढे सरकत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की बस भरल्यावर सुटण्याऐवजी घड्याळाप्रमाणे सुटली पाहिजे. आज खासगी बसची मिळकत त्या फेरीत फाटलेल्या तिकिटांवर ठरते. म्हणून ती स्थानकावर खोळंबून राहते आणि पुढची गाडी मागे दिसू लागली की तिठ्यावर उभ्या माणसाला न घेताच धावत सुटते. बसमालकाला तिकिटांऐवजी किलोमीटरमागे ठरावीक मोबदला दिला, तर थांबून राहण्यात किंवा शर्यत लावण्यात त्याचा काही फायदा उरणार नाही. हे जमले, तर हळदोणा, शिवोली आणि अस्नोडा या तीन मार्गांवर रात्री साडेआठची एक फेरी लावता येईल आणि थिवीला गाडी येण्याच्या सुमारास एक मिनीबस स्थानकाबाहेर उभी ठेवता येईल.

बसमालकाचा मुलगा:

धागाकर्त्यांनी आमच्या धंद्याचे जे वर्णन केले आहे, त्यात खोटे काही नाही. मात्र ते फक्त प्रवाशाच्या बाजूने पाहिलेले आहे. आमची एकच बस आहे आणि ती वडिलांच्या वेळेपासून याच मार्गावर चालते. ठरलेल्या मिनिटाला मी बारा माणसे घेऊन निघालो, तर मागची गाडी सहा मिनिटांनी तीस माणसे घेऊन येते आणि त्या दिवशी डिझेलचे पैसे मात्र दोघांचेही सारखेच जातात.

रात्रीच्या फेरीचा प्रयोग आम्ही स्वतः करून पाहिला आहे. गेल्या वर्षी सुमारे महिनाभर साडेसातची फेरी चालवली. तेव्हा बसमध्ये कधी सहा, कधी चार माणसे असत आणि एका संध्याकाळी तर कंडक्टर, ड्रायव्हर व एक आजी एवढेच होते. त्या आजी रोजच्या गिऱ्हाईक होत्या, म्हणून फेरी बंद करताना वाईट वाटले, पण सकाळी सहाला गाडीवर चढलेल्या ड्रायव्हरला रात्री साडेआठपर्यंत बसवून ठेवायचे म्हणजे दुसरा ड्रायव्हर हवा. तरुण प्रवासी कधीच स्कूटरवर गेला आहे आणि तो परत येईल अशी चिन्हे मला दिसत नाहीत.

किलोमीटरमागे मोबदल्याची कल्पना कागदावर चांगली आहे. ‘म्हजी बस’ योजनेत खासगी गाड्या कदंब या सरकारी बस महामंडळाच्या छत्राखाली आणण्यामागचे सूत्र तेच आहे. आमच्यासारख्यांची भीती वेगळी आहे: तिकिटाचा पैसा संध्याकाळी हातात पडतो, तर सरकारी बिलाची वाट पाहावी लागते आणि एका गाडीवर जगणाऱ्या घराला दोन महिन्यांची वाटही परवडत नाही.

भाजीवाल्यांकडची गिऱ्हाईक:

‘तरुण प्रवासी स्कूटरवर गेला’ हे खरे मानले, तरी बाजारात नुसते तरुण येतात का? पावसाळ्यापूर्वी पुरुमेताच्या खरेदीला मी जाते, तेव्हा सुकी मासळी, सोले, मिरच्या आणि कांद्यांची माळ अशा चार पिशव्या माझ्याकडे असतात. त्या घेऊन पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसता येत नाही आणि टॅक्सीला द्यायचे पैसे खरेदीतल्या बचतीपेक्षा जास्त होतात. मी बस चुकेल या धास्तीने अर्धी खरेदी सोडून निघते. तेव्हा व्यापाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

बाजारातील दुकानदार:

व्यापारी म्हणून उत्तर देतो. माझा कापडाचा मोठा व्यवहार गाडीतून येणाऱ्या कुटुंबाशी होतो आणि ते कुटुंब गाडी लावायला जागा न मिळाल्यास सरळ पर्वरी किंवा पणजीकडे वळते. पणजी येथून जेमतेम 13 किलोमीटरवर आहे, हे विसरू नये. आधी पार्किंगची सोय व्हावी, बसचे पुढे पाहता येईल. राष्ट्रीय महामार्ग 66 वर कोलवाळपासून गिरीपर्यंत वाहतूक ज्या वेगाने रांगते, ते पाहता घड्याळाप्रमाणे सुटलेली बस घड्याळाप्रमाणे पोहोचेल याची हमी कोण देणार?

हळदोण्याचा प्रवासी:

दुकानदारांना एकच विचारतो. तुमच्या दुकानातले मदतनीस रात्री आठला शटर ओढून घरी कसे जातात? माझ्या माहितीतली दोन मुले कळंगुटच्या दिशेने जाणाऱ्या ओळखीच्या डिलिव्हरी टेम्पोत मागे बसतात. चाळीस माणसांची बस रस्त्यावर जेवढी जागा घेते, तेवढ्यात तीन मोटारी जेमतेम मावतात. म्हणून पार्किंग वाढवून कोंडी सुटेल असे मला वाटत नाही. महामार्गाबद्दलचा आक्षेप मात्र मान्य करतो. त्यावर माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की मी सुचवलेले मार्ग आतल्या गावांचे आहेत आणि त्यांवर अडथळा कमी आहे.

सहा माणसांच्या फेरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोव्यातले विद्यार्थी बसभाड्यात 50 टक्के सवलतीसाठी रस्त्यावर उतरले होते आणि 1980 साली कदंब महामंडळ स्थापन झाले. म्हणजे प्रवास हा निव्वळ नफ्यातोट्याचा विषय नाही, हे आपल्या राज्याने कधीकाळी मान्य केलेले आहे. शिवाय एका महिन्यात प्रवाशाचा विश्वास बसत नाही. साडेसातची बस उद्या असेल की नाही याची खात्री नसलेला माणूस त्या बसच्या भरवशावर नोकरी धरत नाही, स्कूटरचे हप्ते सुरू करतो. आणि एकदा हप्ते सुरू झाले की तो बसमध्ये चढत नाही.

थिवीचा पायलट:

स्थानकाबाहेर मिनीबस उभी करणार असाल, तर आमच्या पोटाचाही विचार व्हावा. गोव्यात मोटारसायकल पायलट हा कायद्याने मान्य धंदा आहे आणि मुंबईची गाडी आली की आमच्यातल्या प्रत्येकाला दोन-तीन भाडी मिळतात. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे, तर दोन बॅगा आणि लहान मूल घेऊन उतरलेला प्रवासी आमच्याकडे येत नाही. तो टॅक्सीचा दर ऐकतो आणि भावाला फोन लावतो. बस हवी तर मोठ्या रस्त्याने म्हापशापर्यंतच चालवावी, आतल्या वाड्यांत तिला नेऊ नये.

बसमालकाचा मुलगा:

विश्वासाचा मुद्दा मला पटला, कारण आमच्या त्या आजींनीही पहिला आठवडा बसची वाट न पाहता शेजाऱ्यालाच बोलावले होते. मी एवढे करायला तयार आहे की हळदोण्याच्या एका मार्गावर सहा महिने साडेआठची फेरी चालवीन. त्यासाठी दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार आणि त्या फेरीचे डिझेल कुणीतरी दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत चुकते करावे लागेल. मग ती पंचायत असो, पालिका असो वा व्यापाऱ्यांची संघटना. प्रवासी किती झाले याचा हिशेब तिकीट मशीनमधून रोज काढून देईन. दुकानदारांनी यातला वाटा उचलायचा की नाही, याचे उत्तर त्यांनी येथेच द्यावे.

बाजारातील दुकानदार:

डिझेलचा आकडा आधी सांगा, मग बोलू.