व्हायोला नाही, ट्रम्पेट नाही, तरी लॅटिन मिस्सा बसवायचीय, कुठली घ्यावी?

वसईची_आल्टो:
नमस्कार मंडळी, मी वसईतल्या एका पॅरिशच्या क्वायरमध्ये गाते. एरवी आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतच असते, पण यंदा नाताळात त्या उपासनेच्या शब्दांना चाल लावलेली एखादी जुनी लॅटिन मिस्सा व्हायोलिनसकट करायची असं सगळ्यांनी मनावर घेतलंय. आम्ही विसेक जण, टेनर (उंच आवाजाचे पुरुष) नेहमीसारखे कमी, व्हायोलिन वाजवणारी दोन-तीन पोरं, एक चेलो आणि ऑर्गन म्हणजे कीबोर्ड. व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) कोणीच वाजवत नाही. बऱ्याच जणांना अठराव्या शतकातल्या संगीतकार हायडनची नेल्सन मिस्सा हवीय, मला ती झेपेलसं वाटत नाही. त्याच काळातलं असं काही आहे का जे एवढ्याच माणसांत, काही न कापता होईल? आणि प्रत्यक्ष मिस्सेतच गायचं की वेगळा कार्यक्रम ठेवायचा?

ऑर्गनच्या_बाकावरून:
नेल्सन आत्ता नको. १७९८ मध्ये हायडनच्या मालकाने, एस्टरहाझी राजाने आपले फुंकवाद्यवाले काढून टाकलेले, म्हणून हायडनने ती तीन ट्रम्पेट, टिंपनी (मोठे नगारे), तंतुवाद्यं आणि ऑर्गनवर लिहिली. ते तीन ट्रम्पेट काढले तर तिचा जीवच जातो, वर सोप्रानो (बायकांचा सगळ्यात उंच आवाज) सोलो भयंकर अवघड.
तुम्ही त्याचीच छोटी ऑर्गन मिस्सा घ्या, साधारण १७७५ ची, बी फ्लॅट मेजरमधली. दोन व्हायोलिन, बास आणि ऑर्गन, बस्स, व्हायोला मुळातच नाही! सगळी मिळून पंधरा-सोळा मिनिटं. त्यातल्या बेनेडिक्टुस या भागात एकटी सोप्रानो आणि ऑर्गनला स्वतःचा सोलो, तेवढा कीबोर्डवाल्याने आत्तापासून हळू घासायला घ्यावा. फार सुंदर आहे हो ते.

साल्झबर्गप्रेमी:
+१. आणि व्हायोला नसणं ही कमतरता समजूच नका, साल्झबर्गच्या चर्चमध्ये तीच पद्धत होती, दोन व्हायोलिन आणि बास. तिथल्याच मोझार्टने १७७६ मध्ये इटलीतल्या संगीतगुरू पाद्रे मार्तिनींना लिहिलेल्या पत्रात आहे की आर्चबिशप स्वतः मिस्सा म्हणणार असले तर कितीही मोठा सण असला तरी पाऊण तासात सगळं उरकायला लागतं. त्याची १७७४ ची एफ मेजर मिस्सा ब्रेव्हिस (छोटी मिस्सा) बघा, तिच्या क्रेडोत, म्हणजे श्रद्धा सांगणाऱ्या भागात, जी चार सुरांची ओळ पुन्हा पुन्हा येते तीच पुढे १७८८ मध्ये ज्युपिटर सिंफनीच्या शेवटच्या भागात आलीय. पण टेनर कमी असतील तर हायडनच बरा.

वसईची_आल्टो:
खूप आभार! ऑर्गन मिस्सा लगेच ऐकली, पण ग्लोरिया (देवाच्या स्तुतीचा भाग) एवढ्यात संपला की काही कळलंच नाही, चार आवाज चार वेगळे शब्द एकदम गातायत. आमच्या फादरना हे चालेल का?

व्हिएन्नातून:
मी इथे हौशी क्वायरमध्ये गातो, इथल्या ऑगस्टिनर चर्चमध्ये रविवारी अकराच्या मिस्सेला अजूनही ऑर्केस्ट्रासकट हायडन-मोझार्ट ऐकायला मिळतो, त्यामुळे माझं मत प्रत्यक्ष मिस्सेतच गा असं आहे, ते संगीत त्यासाठीच आहे.
ग्लोरियाचं कारण सांगतो. तेव्हा फादर सगळे शब्द स्वतः हळू आवाजात म्हणायचेच, त्यामुळे क्वायरने शब्द एकावर एक चढवून वेळ वाचवला तरी विधी पुरा व्हायचा. आता तसं नाही, आता क्वायर गातं तेच लोकांचं ग्लोरिया, मग ते ऐकू यायलाच पाहिजे. यावर उपाय आधीच झालेला आहे, हायडनच्या धाकट्या भावाने, मिखाएल हायडनने, साल्झबर्गसाठी हाच ग्लोरिया लांबवून दिलाय, शब्द सुटे ऐकू येतात, तुमच्या मोजक्या टेनरनाही एकट्याने वेगळे शब्द ओढत बसायला नको. तोच घ्या.
बेनेडिक्टुसचीही तीच गोष्ट. पूर्वी त्याच्या आधीचा सांक्टुस हा भाग आधी आणि बेनेडिक्टुस कॉन्सिक्रेशननंतर (फादर भाकर-द्राक्षारस पवित्र करतात त्यानंतर) व्हायचा म्हणून तो एवढा निवांत आहे, आता दोन्ही सलग येतात आणि फादर वेदीवर ताटकळतात. कम्युनियनच्या (लोक ती पवित्र भाकर घेतात त्या) वेळी गाता येईल का ते फादरनाच आधी विचारा. क्रेडो मात्र लोकांनी मराठीतच म्हणावा, एवढी माणसं आलीयेत ती नुसती ऐकत बसायला नको, आणि तुमची तालीमही हलकी होईल.

ऑर्गनच्या_बाकावरून:
क्रेडो सोडायला माझा जीव होत नाही, मधला संथ भाग ऐका एकदा. नाताळच्या मिस्सेत नसेल तर नंतर वेगळा गा, पण बसवा नक्की. आणि नोटेशन आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतं, मिखाएलवाला ग्लोरिया त्यात आहे का तेवढं छापण्याआधी बघून घ्या.