अंगणातली पॉयझन आयव्ही: तुम्ही कशी घालवलीत?

एडिसन, न्यू जर्सी
मागच्या वर्षी इथे घर घेतलं. मागच्या कुंपणावर चकचकीत, तीन-तीन पानांची वेल होती. पळसाची आठवण आली म्हणून कौतुकाने ठेवली. जूनमध्ये फारच माजली तेव्हा जाड फांद्या कात्रीने छाटल्या आणि उरलेली नुसत्या हातांनी उपटली. दोन दिवसांनी मनगटावर लाल रेघा, मग पाण्याचे फोड, मग तीन आठवडे रात्ररात्र खाज. पळसाला पानं तीनच, पण तीन पानांचा प्रत्येक जण पळस नसतो! यंदा मुळांतून पुन्हा फुटली आहे. ज्यांनी ही बया घालवली त्यांनी लिहा. फसलेलंही लिहा.

फिलाडेल्फियाजवळ
आधी ओळख पटवा. मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब असतो. पाच पानं असतील तर ती बहुधा व्हर्जिनिया क्रीपर नावाची दुसरीच वेल, तिचा जीव घेऊ नका. मी घेतला.
काढायची ती पाऊस पडून गेल्यावर. ओल्या मातीतून मूळ अख्खं येतं. पँट पायमोज्यांत खोचलेली, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, हातमोजे जाड व्हिनाइलचे. पातळ लॅटेक्समधून तिचं फोड आणणारं तेल आरपार जातं, हे मला फोड आल्यावर कळलं. लहान रोपं पावाच्या लांब पिशवीत हात घालून धरायची, उपटली की पिशवी तिथेच उलटी करायची. कुत्र्याची शी उचलतात ना, तसं. मग दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. मुळं आडवी लांबवर पसरतात, तुकडा राहिला की कोंब येतो. आमचे दोन उन्हाळे गेले. आणि गवत छाटायचं दोरीचं यंत्र तिच्यावर कधीच चालवू नका. रस सगळा नडग्यांवर उडतो.

टोरंटो
जाळू नका. जाळू नका. जाळू नका. धुरातून ते तेल फुफ्फुसात जातं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना पालापाचोळ्याच्या शेकोटीमुळे दवाखान्यात राहावं लागलं.

बॉस्टन, मूळ रत्नागिरी
माझ्या हातावरचे फोड फोनवर पाहून आई पहिलं वाक्य काय म्हणाली? "बिब्बा उतलाय." मी हसलो, पण म्हातारी बरोबर निघाली. बिब्बा, काजू, आंबा आणि ही वेल, सगळी एकाच कुळातली. वेलीतल्या तेलाचं नाव उरुशिऑल, जपानी लाखेच्या 'उरुशी'वरून आलेलं. आंब्याच्या चिकातही त्याचीच भावंडं असतात. लहानपणी चिकाने ज्यांचे ओठ उतायचे त्यांनी इथे जरा जपूनच.
आमची वेल ओकवर चढलेली, जानेवारीत निष्पर्ण, मनगटाएवढी जाड, केसाळ. वाळली असेल समजून ओढली. वाळलेल्या वेलीतही तेल असतंच. आता बुंध्याशी कापतो, वरची झाडावरच मरू देतो आणि खालच्या खुंटावर ताबडतोब ट्रायक्लोपायर हे तणनाशक ब्रशने लावतो. फवारत नाही, शेजारी गुलाब आहेत.

रॅले, नॉर्थ कॅरोलायना
मी वेलीला हातही लावला नव्हता, तरी गळाभर पुरळ. आमचा लॅब्रॅडोर झुडपात लोळून आला होता आणि मी त्याला कुशीत घेतलं. त्याला ढिम्म काही झालं नाही! आता हातमोजे घालून त्याची आंघोळ, मग माझी.

फिलाडेल्फियाजवळ (पुन्हा)
धुण्याचं राहिलं. भांड्यांचा साबण, गार पाणी, फडक्याने घासून, जितक्या लवकर तितकं बरं. नुसतं पाणी ओतून तेल जात नाही. ग्रीस लागल्यावर घासतो तसं घासायचं. फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरत नाही, नखांत, कपड्यांत राहिलेल्या तेलाने पसरतं. चेहरा सुजला तर घरगुती लेप लावत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. मला स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. अवजारंही धुवा, ते तेल कित्येक महिने तसंच राहतं.

एडिसन, न्यू जर्सी
अवजारं? मागच्या जूनमधली कात्री गॅरेजमध्ये तशीच टांगलेली आहे. काल लेकीने तिनेच गुलाब कापले. आलेच.